उरलेली एकोणीस पानं

मी एक कादंबरी बोलतेय. आधीच सांगून टाकते, माझ्या पोटात अकरा प्रेतं आहेत, एक सांगाडा आहे आणि एक अख्खा परीक्षा विभाग आहे. यातलं सगळ्यांत भयंकर काय, ते तुम्ही वाचून ठरवा. पण आज मला त्यांच्याबद्दल बोलायचं नाही. आज मला माझ्या समासाबद्दल बोलायचं आहे. पानाच्या कडेला कोरी जागा सोडतात ना, तिला समास म्हणतात. माझ्याकडे आता ती फारशी उरलेली नाही.

मला लिहिणारा माणूस एका कॉलेजात सव्वीस वर्षं कारकून होता. त्याने आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, ते म्हणजे मी. छापणाऱ्याला मी अंगाने फार बारीक वाटले. पुस्तक जाडजूड दिसलं तर लोक हातात घेतात, असं त्याचं मत. म्हणून त्याने प्रत्येक पानाला चांगला दोन बोटं समास सोडला आणि मला ओढूनताणून दोनशे चव्वेचाळीस पानांवर नेलं. लोकांनी तरीही हातात घेतलं नाही, ती गोष्ट वेगळी.

माझी गोष्ट थोडक्यात सांगते. एका कॉलेजचे प्राचार्य वारलेले असतात. पण तसा लेखी अर्ज कोणी केलेला नसतो, म्हणून ते रोज वेळेवर कामावर येतात. परीक्षेच्या हॉलमध्ये एक बाक असतो, तो दरवर्षी एका मुलाला गिळतो. परीक्षा विभाग त्या मुलापुढे 'गैरहजर' लिहून मोकळा होतो. गिळलेली मुलं मग पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायला खिडकीशी येतात, आणि खिडकीतला कारकून मान वर न करता सांगतो, "फोटोत चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे." आता बिचाऱ्यांना चेहराच उरलेला नसतो.

आणि तो सांगाडा. तो त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतला जुना मदतनीस. मरून तीस वर्षं झाली, पण कार्यमुक्तीचा आदेश आलेला नाही. म्हणून तो रोज सकाळी काचेची भांडी धुतो, गॅसचे नळ तपासतो, पोरांवर खेकसतो आणि चाव्यांचा जुडगा बरगडीला अडकवून फिरतो. साऱ्या कॉलेजात मन लावून काम करणारा तेवढा एकच.

माझं नाव 'पुरवणी परीक्षा'. या नावाने माझं वाटोळं केलं. कॉलेजच्या वाचनालयात आले, तेव्हा कोणीतरी फक्त नाव वाचलं आणि मला शिक्षणशास्त्राच्या कपाटात नेऊन ठेवलं. एका बाजूला 'अध्यापनाच्या पद्धती', दुसऱ्या बाजूला 'मूल्यमापन : तत्त्व आणि व्यवहार'. अशा शेजारात मी नऊ वर्षं काढली. दोघांपैकी कोणी कधी हसलं नाही.

आमच्या ग्रंथपालबाईंची एक पद्धत आहे. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर आतून एक कागद चिकटवलेला असतो, वर लिहिलेलं असतं 'वाचकांचे अभिप्राय', आणि खाली बारीक अक्षरात 'पूर्ण वाचल्याशिवाय लिहू नये'. माझ्या कागदावर नऊ वर्षांत चार ओळी जमल्या. 'हे पुस्तक शिक्षणशास्त्राचे नाही.' 'लेखकाला कोणीतरी डॉक्टरकडे न्या.' 'परीक्षा विभागाबद्दल जे लिहिले आहे ते खरे आहे.' चौथ्याने नुसतंच 'बाप रे' लिहिलं होतं. तारीफ होती की तक्रार, ते मला अजून कळलेलं नाही.

मग ती आली.

ती आमच्या कॉलेजची दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. तिचे वडील तिथेच जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस. सगळी मुलं त्यांना लॅबवाले काका म्हणतात. आजारपणामुळे तिची परीक्षा बुडली होती, पुरवणीला बसायचं होतं. शिक्षणशास्त्राच्या कपाटात 'पुरवणी परीक्षा' दिसली, तिला वाटलं अभ्यासाचं काही असेल, आणि बाकीच्या दोन पुस्तकांबरोबर तिने मलाही न उघडताच नेलं. दोनच दिवसांत तिला दवाखान्यात भरती केलं. पोटाचं ऑपरेशन झालं. पिशवीत बाकीचीही पुस्तकं होती, पण शुद्धीवर आल्यावर तिने पहिल्यांदा मला उघडलं.

असा वाचक मला त्याआधी मिळाला नव्हता आणि नंतरही मिळाला नाही. ती हातात पेन्सिल घेऊनच वाचायची. माझा तो रुंद समास पहिल्यांदा कोणाच्या तरी कामाला आला. प्राचार्य पगारपत्रकावर सही करतात तिथे तिने लिहिलं, 'हा हा हा'. फोटोतल्या चेहऱ्याच्या प्रसंगापाशी लिहिलं, 'इथे टाके दुखले'. सांगाडा पहिल्यांदा येतो आणि फुटलेल्या परीक्षानळीवरून पोरांना झापतो, तिथे तिने कडेला लिहिलं, 'अगदी आमचे बाबा. फक्त थोडे बारीक.'

वाचनालयाच्या पुस्तकात लिहायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून अगदी फिकट लिहायची. परत करण्याआधी खोडून टाकीन, असं एकदा माझ्याकडे बघून म्हणालीसुद्धा. मी मनात म्हटलं, नको गं खोडूस.

काका रोज दुपारी प्रॅक्टिकल आटोपून यायचे. एक दिवस आले तेव्हा आधी डॉक्टरांनी त्यांना बाहेर थांबवलं. बराच वेळ बोलले. काका आत आले तर ही एका हाताने पोट धरून हसतेय, डोळ्यांतून पाणी येतंय.

"काय झालं गं?" काका घाबरून म्हणाले.

"बाबा, ऐका ना. ही मेलेली पोरं फॉर्म भरायला रांगेत उभी आहेत, आणि तो कारकून म्हणतोय…"

"मेलेली पोरं?"

"अहो, गोष्ट आहे. ऐका तर. आणि यात एक सांगाडा आहे, तो…"

"बास!" काका एकदम ओरडले. शेजारच्या खाटेवरच्या बाईने मान वळवली. काकांनी आवाज खाली आणला. "हसण्यासारखं काय आहे त्यात? मेलेल्या पोरांवर हसतात का कोणी? दवाखान्यात बसून वाचायची पुस्तकं आहेत का ही? उद्या मी दुसरं आणतो. चांगलं. पक्ष्यांचं वगैरे."

काका चहा आणायला खाली गेले. तेवढ्या वेळात तिने मला पुन्हा उघडलं. दोनशे पंचविसावं पान चालू होतं. मजकुराला अगदी चिकटून तिने लिहिलं, 'बाबा चिडले.' मग जरा थांबली, पेन्सिल तोंडात धरली, आणि पानाच्या अगदी तळाशी, कडेला टेकून, लिहिलं, 'चिडले नाहीत. घाबरलेत. या पुस्तकाला नाही.'

तिला सगळं कळलं होतं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण काकांच्या तोंडाकडे बघून कळलं होतं. आणि तिला कळलंय हे जगात फक्त दोघींना माहीत होतं, तिला आणि मला.

काकांनी चहाचा कप तिच्या हातात दिला आणि मला पिशवीत टाकलं. तिने अडवलं नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, परत करायच्या आधी तेवढं बघून ठेवाल? शेवटी त्या सांगाड्याचं काय होतं ते? एकोणीसच पानं राहिलीत माझी."

"बघतो."

नाही बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला न उघडता वाचनालयाच्या टेबलावर सरकवलं आणि पक्ष्यांचं पुस्तक घेतलं. मोठं होतं, रंगीत होतं. मला त्याच्याबद्दल काही म्हणायचं नाही.

पुढचं मला नंतर काकांच्याच तोंडून कळलं. तिने दोनदा विचारलं. पहिल्यांदा काका म्हणाले, बघायचं राहिलं. दुसऱ्यांदा म्हणाले, ते पुस्तक कोणीतरी नेलंय, आलं की बघतो. मी कपाटात होते. त्या 'मूल्यमापना'च्या शेजारी, धूळ खात. मला कोणीही नेलं नव्हतं. तीन आठवड्यांनी ती गेली.

काका पाच महिन्यांनी वाचनालयात आले. कोणाला काही न विचारता शिक्षणशास्त्राच्या कपाटापाशी गेले, चष्मा वर करून एकेक नाव वाचत माझ्यापर्यंत पोचले. मला काढलं, उघडलं. माझी शिवण तोवर ढिली झाली होती, चार पानं त्यांच्या हातात सुटून आली. ती गोळा करताना त्यांना कडेची पेन्सिल दिसली. अक्षर ओळखलं. एका झटक्यात त्यांनी मला मिटलं आणि छातीशी धरलं. तिथे उभं राहून वाचायचा त्यांना धीर झाला नसावा. आजूबाजूला पोरं होती, आणि प्रॅक्टिकलची घंटा झाली होती.

टेबलावर ग्रंथपालबाईंनी मला हातात घेतलं तर पुठ्ठा वेगळा, पानं वेगळी. बाई अगदी कळवळल्या. ही काकांच्या मुलीने शेवटी वाचलेली गोष्ट आहे हे त्यांना रजिस्टरवरून माहीत होतं.

"भाऊ, असं देऊ का मी तुम्हाला हे? घरी जाईपर्यंत पानं गळतील. सोमवारपर्यंत थांबा. मी स्वतः बाइंडिंगला पाठवते. नवं करून देते."

काकांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतील. सांगतील की बाई, माझ्या पोरीने यात काही लिहिलंय, ते तेवढं आधी बघू द्या. पण जो माणूस तीस वर्षं पोरांना बाकावर लिहू नका, भिंतीवर लिहू नका म्हणून ओरडत आलाय, तो कोणत्या तोंडाने सांगणार? आपल्या गेलेल्या पोरीने पुस्तक खराब केलं, असं कोणी मनातसुद्धा म्हणायला नको होतं त्यांना.

"थांबतो," काका म्हणाले.

बाईंनी चिठ्ठीवर लाल शाईने 'तातडीचे' लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं.

बाइंडिंगवाल्याकडे काय होतं ते तुम्हाला सांगते. आधी तो आपली जुनी शिवण उसवतो. मग पानं ठोकून सारखी करतो, नव्या दोऱ्याने शिवतो, पाठीला खळ लावतो आणि दाबात ठेवतो. तो म्हातारा हाताचा चांगला होता, मी तक्रार करणार नाही. शेवटी तो आपल्याला कापायच्या यंत्रात ठेवतो आणि तिन्ही बाजूंच्या कडा सरळ करून घेतो. समोरची, वरची आणि खालची. माझ्या कडा मळलेल्या होत्या. त्याने अंगठ्याने अंदाज घेतला, पातं आणखी आत सरकवलं आणि दांडा खाली ओढला.

मी ओरडले असते. पुस्तकांना ओरडता येत नाही.

सोमवारी बाईंनी मला दोन्ही हातांनी काकांच्या हातात दिलं. निळं कापड, नवा पुठ्ठा, मागे नवा कोरा कागद 'वाचकांचे अभिप्राय'. "बघा भाऊ, ओळखू येतंय का?"

काकांनी पानं उलटली. मग भराभर उलटली. पुन्हा पहिल्यापासून उलटली. कुठे एखादा काना, कुठे अर्धवट वेलांटी, एका ठिकाणी नुसतंच 'हा'.

"छान झालंय," काका म्हणाले. मग कापलेल्या कडेवरून बोट फिरवत, "बाई, हे कापतात ना… ते तुकडे कुठे टाकतात?"

बाईंना क्षणभर समजलं नाही. मग त्यांनी एका पानाची कड निरखून पाहिली, आणि समजलं. "भाऊ, एका शब्दाने तरी बोलायचं हो."

"तुम्ही चांगल्यासाठीच केलंत."

बाई टेबल तसंच सोडून उठल्या. दोघं त्याच पावली बाइंडिंगवाल्याकडे गेले, मी काकांच्या काखेत. म्हातारा खुशीत होता. "कडा फार मळल्या होत्या बाई, म्हणून बोटभर जास्तच घेतल्या. आता पुस्तक कसं ठसठशीत दिसतंय!" मग दोघांचे चेहरे बघून गप्प झाला. ऐकून घेतलं. कोपऱ्यातलं पोतं ओढून आणलं आणि जमिनीवर पालथं केलं. "शनिवारी गाडी येऊन दोन पोती घेऊन गेली. हे एक राहिलंय. असलं तर यात."

तीन वयस्क माणसं जमिनीवर बसून कागदाच्या पट्ट्या निवडत होती. दुपारपासून दिवे लागेपर्यंत. कितीतरी पोरांची पेन्सिल निघाली. 'महत्त्वाचे'. 'हे येणारच'. 'सरांना विचारणे'. एका पट्टीवर कोणीतरी बाण मारलेलं हृदय काढलं होतं. बाई प्रत्येक पट्टी काकांपुढे धरायच्या आणि काका मान हलवायचे. तिच्या हातचं एक अक्षर सापडलं नाही. शेवटी म्हाताऱ्याने दोन्ही हात जोडले. काका म्हणाले, "तुमची काय चूक? मळलं होतं म्हणून कापलंत."

घरी आल्यावर काका मला घेऊन तिच्या खोलीत बसले. दोनशे पंचविसाव्या पानावर एकच वाक्य पुरतं शाबूत होतं. बाबा चिडले. खालचं गेलं होतं. काका त्या दोन शब्दांकडे किती वेळ बघत होते कोण जाणे. तिची आई कपड्यांच्या घड्या करत दारात आली, वाकून वाचलं.

"एवढंच राहिलं बघ," काका म्हणाले. "पोरीने एवढंच ठेवलं माझ्यासाठी."

मी काय करणार होते? जे तुम्हाला सांगितलं ते मी त्यांना सांगू शकत नव्हते. माझ्यातले सत्तर हजार शब्द मी त्या क्षणी देऊन टाकले असते, ती एक ओळ परत मिळाली असती तर.

तिची आई खाटेवर बसली. "चिडला होतात ना? मग खरंच लिहिलंय तिने. खोटं कशाला लिहील?" आणि घडी घालता घालता म्हणाली, "तिने विचारलं होतं काहीतरी तुम्हाला. ते वाचा आता. मोठ्याने वाचा, मलाही ऐकू दे."

काकांनी वाचलं. ओळीखाली बोट धरून, अडखळत, एकोणीस पानं. शेवटी सांगाड्याचा कार्यमुक्तीचा आदेश येतो. निरोप समारंभ होतो. मेलेले प्राचार्य भाषण करतात आणि अर्धं भाषण भलत्याच माणसाबद्दल करतात. सांगाड्याला भिंतीवरचं घड्याळ भेट देतात, ते बंद असतं. इथे काकांच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. आईने घाबरून वर बघितलं. काका हसत होते. "अगदी असंच करतात गं. बंद घड्याळच देतात." दोघंही हसली, आणि हसता हसता तिच्या आईने हातातला टॉवेल तोंडावर धरला.

मग शेवटचं पान. सांगाडा दारापर्यंत जातो, सवयीने मागे फिरून गॅसचे नळ बघतो, आणि बरगडीवरचा जुडगा काढून विचारतो, "चाव्या कोणाकडे देऊ?" सगळे एकमेकांकडे बघतात. कोणी हात पुढे करत नाही. तो थोडा वेळ थांबतो, जुडगा पुन्हा बरगडीला अडकवतो आणि भांडी धुवायला लागतो.

काकांनी मला मिटलं. शर्टाच्या खिशात प्रयोगशाळेच्या चाव्या होत्या, त्यांच्यावर हात ठेवून ते बसून राहिले. मग मागचा पुठ्ठा उघडून कोऱ्या कागदावर, पेनने, ठळक अक्षरांत लिहिलं:

'मने, सांगाडा गेला नाही. चाव्या घ्यायला कोणी नव्हतं. सांगायला उशीर झाला. बाबा.'

आता मी पुन्हा कपाटात आहे. ग्रंथपालबाईंनी अखेर मला कादंबऱ्यांत हलवलंय. निळं कापड कोपऱ्यावर विटायला लागलंय. अधूनमधून कोणी नेतं. काकांच्या ओळीखाली एका वाचकाने लिहून ठेवलंय, 'शेवट फोडल्याबद्दल तीव्र निषेध!' त्याखाली आणखी एकीने, 'अगदी सहमत.' बाईंनी दोन्ही वाचलंय, आणि काहीच खोडलेलं नाही.

तुम्ही मला घरी न्याल, तेव्हा मागचा कागद आधी उघडू नका एवढंच सांगते. आणि उघडलात, तर त्या माणसावर रागावू नका. तुमच्यासाठी लिहिलेलं नाही ते. कोणीतरी विचारलं होतं.